सिमेंटच्या खाडीचा नाखवा

त्या काळी सबंध नवी मुंबईत सगळ्यात जास्त ऐकला जाणारा आवाज माझाच आहे, अशी माझी ठाम समजूत होती. करावे गावाच्या अंगाला, खाडीकाठी एक वॉटर पार्क होतं. तिथे काचेच्या खोक्यात बसून मी माईकवर सूचना द्यायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. केसांना मेंदी लावायची वेळ अजून आली नव्हती आणि अक्कल यायचीही आली नव्हती. माहेर साताऱ्याकडचं, मिस्टर वाशीच्या भाजी मार्केटात, आणि मी मात्र डोळ्यांना काळा गॉगल लावून 'अभ्यागतांनी कृपया नोंद घ्यावी' असलं काहीतरी बोलायची. अभ्यागत म्हणजे कोण, हे अभ्यागतांनाच कळायचं नाही. ते आपले वडे खात राहायचे. मला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातसुद्धा मी कठडा सोडत नसे. तरी 'जलक्रीडेचा मनमुराद आनंद लुटा' असं दिवसभर लोकांना बजावत असे.

या माझ्या आवाजाला अजिबात भीक न घालणारा एक माणूस तिथे होता. नाखवा.

नाव त्याचं जोमा, पण ते फक्त हजेरीपुरतं. नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि कप्तान. करावे गावात त्याची स्वतःची होडी होती, खाडीत जाळी टाकायचा. मग भराव पडत गेले, वसाहती उभ्या राहिल्या, खाडीतली मासळी रोडावली आणि होडी विकावी लागली. पार्क उघडलं तेव्हा पाण्यातला माणूस म्हणून त्याला मगर राइडवर ठेवला.

मगर राइड हे आमच्या पार्काचं पहिलं आकर्षण. मगरीच्या तोंडाच्या फायबरच्या होड्या. एकीत चार माणसं बसायची. सरकत्या पट्ट्यावरून होडी उंच चढायची, वरच्या पाटाच्या पाण्यातून वळणं घेत जायची आणि शेवटी धाडकन खालच्या टाकीत आपटायची. सगळे भिजायचे, किंचाळायचे. संपलं. पण नाखव्याच्या लेखी ती खाडीच होती. टाकी म्हणजे बंदर. वरचा पाट म्हणजे खाडीचा फाटा. रोज सकाळी बोट ओलं करून तो वारा बघायचा. फायबरच्या मगरीला वाऱ्याचं काय सोयरसुतक? पण तो बघायचा. मग कुंपणाशी जाऊन खऱ्या खाडीकडे नजर टाकायचा आणि माझ्या काचेवर टकटक करून सांगायचा, "माईकबाय, भरती लागली गो."

"मग मी काय करू, नाखवा?"

"सांग सगल्यांना."

"लोक इथे भरती ऐकायला आलेत का?"

"मंग तुजा ऐकाया आलेत?"

तो सगळ्यांनाच 'तू' म्हणायचा. मला, मॅनेजरसाहेबांना, लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या एखाद्या बड्या अधिकाऱ्यालाही. त्याच्या आगरी बोलीत 'ण'चा 'न', 'ळ'चा 'ल' आणि 'ड'चा 'र' व्हायचा. होडी ती होरी, खाडी ती खारी. मी शुद्ध भाषेची राखणदार. एकदा त्याला म्हटलं, "नाखवा, होरी नाही, होडी म्हणा. ड. डमरूचा ड." तो शांतपणे म्हणाला, "तू होडी बोलतंस, पन कवा बसलीस का तिच्यान?" मी नव्हते बसले. मी गॉगल लावला.

त्याच्या पायात भिंगरी होती. होडी पट्ट्यावर चढवली की हा टाकीला वळसा घालून उतरायच्या जागी हजर, तिथून पुन्हा चढायच्या जागी. मधल्या वेळात हाताची बोटं कठड्यावर ताशा वाजवत असायची. त्याच्याकडे पाहून मलाच धाप लागायची.

लोकांना होडीत बसवायची त्याची पद्धत अशी की दिवसाला एक तरी भांडण ठरलेलं. खऱ्या होडीत माल भरतात तशी तो माणसं भरायचा. हलका पुढे, भारी मध्ये. एका बाईंना तो सगळ्या रांगेसमोर म्हणाला, "जारी बाय मधी बसल." बाई खारघरहून नवऱ्याबरोबर आल्या होत्या, नवा पंजाबी ड्रेस घालून. त्या भडकल्या. "जाडी कुणाला म्हणता?"

"मी नाय बोलत गो, होरी बोलते."

नवऱ्याला हसू आलं आणि मग त्या दोघांचं जे जुंपलं ते मगरीत बसून, वर चढून, खाली आपटून, भिजून बाहेर आले तरी चालूच होतं. नाखवा मात्र खूष. "बगलंस? होरी जरा पन कलली नाय."

प्रत्येक मगरीला त्याने नाव दिलं होतं. चांगुना, बायजा, सोनी, गोदू. ही सगळी त्याच्या मेव्हण्यांची नावं. "बायकोचं नाव कुठल्या होडीला नाही?" मी एकदा विचारलं. "हिराचा? नाय गो. होरी वल्हवली तशी जाते. हिरा कदी गेली?"

ही हिराबाई मी पहिल्यांदा पाहिली ती नारळी पौर्णिमेला. पावसाळ्यामुळे पार्कात गर्दी बेताचीच होती. नाखवा डोक्याला नवा रुमाल बांधून आला, मागे हिराबाई हिरवंगार लुगडं कासोट्याने घट्ट नेसून, केसांत वेणी माळून. हातात सोनेरी कागदाने मढवलेला नारळ. मला वाटलं दोघं खाडीवर निघालीत. दोघं थेट मगर राइडच्या टाकीशी उभी राहिली, हात जोडले आणि नाखव्याने नारळ टाकीत सोडला. नारळ डुलत डुलत निघाला. प्रवाह त्याला घेऊन गेला सरकत्या पट्ट्याशी, आणि तिथे तो पट्ट्याच्या खालच्या फटीत असा घट्ट बसला की घरघर झाली आणि पट्टा थांबला. अर्ध्या चढावर गोदू मगर, तिच्यात बोनकोड्याची चार माणसं.

आमचे मॅनेजर प्रधानसाहेब, वय लहान पण चिंता मोठ्या, धावत आले. मी माईकवर 'तांत्रिक कारणास्तव' असं सुरू केलं. नाखवा चढावर गेला, हात घालून नारळ उपसला, तिथेच लोखंडी खांबावर आपटून फोडला आणि पहिलं खोबरं अडकलेल्या चार जणांना दिलं. "घ्या. दर्याचा परसाद." त्यांनी घाबरत घाबरत खाल्लं. खाली उतरल्यावर दुसरा तुकडा साहेबांपुढे धरला. साहेब ओरडायला तोंड उघडून होते, त्यामुळे सोयीचं झालं.

पुढच्या वर्षी साहेबांनी नियम काढला: नारळ दोरीला बांधून सोडावा आणि लगेच वर ओढून घ्यावा. नाखव्याने ते ऐकलं आणि हिराबाईला म्हणाला, "साहेब आपला दर्याला उधारीवर नारल देतंय."

मगर राइडचं वय झालंय ही कुजबुज सुरू झाली ती त्याच सुमाराला. खाडीच्या खाऱ्या हवेने पाटाखालचे लोखंडी खांब गंजायचे. रंग दिला की तो महिन्याभरात फुगे धरायचा. ज्या परदेशी कंपनीने राइड बनवली तिने तसले सुटे भाग बनवणंच बंद केलं होतं. आणि वरच्या पाटाला तडे गेले. फायबरला बारीक केसासारखे तडे, त्यातून पाणी ठिबकायचं, मग धार लागायची. मे महिन्यात पार्काला टँकर मागवावे लागत, आणि इथे आमची मगर जमिनीला पाणी पाजत होती.

प्रधानसाहेबांनी एके दिवशी नाखव्याला माझ्या खोक्याजवळच उभं करून समजावलं. मी अर्थातच माईक बंद करून कान उघडे ठेवले.

"बघा नाखवा, एका होडीत चार माणसं. मागे रांग उन्हात उभी. दुसऱ्या पार्कांत लाटांचे तलाव आलेत. एका वेळी शेकडो लोक पाण्यात. पोरांना आता तेच हवंय."

"मंग तू पन कर. नको कोन बोलला?"

"जागा कुठाय? इकडे खाडी, तिकडे रस्ता. नवीन आणायचं तर जुनं उठवावंच लागतं. तुमची टाकी आहे, पंपघर आहे, रांगेची शेड आहे. सगळं तयार. टाकी रुंद केली की तलाव होतो."

नाखव्याची बोटं कठड्यावर वाजायची थांबली. "उठवाया तुमाला चांगला येतं," तो म्हणाला. "आदी शेतावरशी उठवला, मंग खारीवरशी. आथा टाकीवरशी."

नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा साहेब बिचारे शाळेत असतील. शेवटी एवढंच ठरलं की उन्हाळी सुट्टीच्या आधी चाचणी घ्यायची. पाट पाणी धरतोय असं दिसलं तर आणखी एक हंगाम मगर चालेल. नाही तर बंद.

तेव्हापासून नाखवा म्हणजे वारा प्यालेलं वासरू. दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरून सामान घेऊन आला. कापूस, राळ, गोडं तेल, लाकडी हातोडी आणि एक बारीक छिन्नी. होडीच्या फळ्यांमधल्या फटीत राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवतात, त्याला कलाफत म्हणतात. त्याच्या बापाचा त्यात हात धरणारा कोणी नव्हता, असं त्याने मला येता जाता ऐकवलं. पाणी बंद ठेवलेल्या दिवशी तो वरच्या पाटात उकिडवा बसून दिवसभर ठोकत राहिला. ठक ठक ठक. मी खालून विचारलं, "नाखवा, तडा गेलाय तिथे छिन्नी कशाला मारताय? मोठा होईल ना!"

"फट बुजवाची तर आदी उगराची लागते गो. कापूस जाल कुठनं? मंग पानी लागला का लाकूर फुगतं आन गच्च धरतं."

मला ते फार पटलं. मी तर मैत्रिणींना सांगितलंसुद्धा, आमच्याकडे प्राचीन तंत्राने दुरुस्ती चालू आहे. लाकूड पाणी पिऊन फुगतं. फायबर पाणी पीत नाही. हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि मी तर शहाणी, माझ्या कुठून येणार?

पाणी सोडलं त्या दिवशी पाट अगदी कोरडा दिसला खालून. नाखवा मिशीतल्या मिशीत हसला. दोन-चार दिवसांनी टाकीत राळेने चिकट झालेले कापसाचे बोळे तरंगायला लागले. एका नव्या नवरीच्या केसांत एक बोळा असा अडकला की तिच्या सासूने तिथल्या तिथे कात्री मागवली. आणि छिन्नीने उघडलेले तडे आता बोटभर रुंद. धारांच्या जागी पन्हाळी लागल्या. नाखव्याने पुन्हा कापूस ठोकला, पुन्हा तो सुटला. त्याने कुणाशी बोलणंच बंद केलं. भरतीची बातमीही मला येईना.

चाचणीच्या दिवशी साहेबांनी होडीत वाळूची पोती भरायला सांगितली. नाखव्याने पोती बघितली आणि एकेक करून बाहेर काढून ठेवली.

"नाखवा, काय करताय?"

"मी रेतीचा नाखवा नाय. मी बसतंय."

"एकट्याच्या वजनाने चाचणी कशी होणार?"

नाखव्याने आजूबाजूला नजर फिरवली. तिथे सगळेच काटकुळे. मग ती नजर माझ्या खोक्यावर येऊन थांबली. "माईकबाय, ये. मधी बस."

नाही म्हणायला हवं होतं. पण सगळे बघत होते आणि 'थरारक मगर राइड' मी इतकी वर्षं ओरडले होते. मी पर्स काखेत मारून गॉगलसकट चांगुनात बसले. नाखवा पुढे बसला आणि पट्टा सुरू झाला. जमीन लांब जायला लागली तसं माझं शुद्ध मराठी गळून पडलं. "आगाबाया! ओ नाखवा, म्या न्हाई येत! थांबवा की वो!" साताऱ्याची सगळी माती तोंडात आली. खालून लोक टाळ्या वाजवत होते.

वर पाटात शिरलो. होडी थोडी वाहिली, पहिलं वळण घेतलं आणि तिचं बूड खालून घासल्यासारखं वाजलं. खर्रर्र. थांबली. बाजूने पाणी सगळं तड्यांतून खाली चाललं होतं. आम्ही हवेत, उंचावर, कोरड्या पाटात रुतून बसलो होतो.

"शिडी लावतो, उतरा!" साहेब खालून ओरडले.

"थांब," नाखवा म्हणाला. "वोटी लागली हाय. भरती येल."

"कसली भरती वो? उतरूया की!"

"होरी रुतली का खाली उतराचं नसतं. पानी चरतं, मंग ती आपसूक सुटते."

मी पर्स पोटाशी धरून बसले. पंप खाली घरघरत होता. तो पाणी वर फेकत होता आणि पाट ते खाली सोडत होता. नाखवा पुढे वाकून पाण्याच्या रेषेकडे बघत राहिला. इथून खरी खाडी दिसत होती, पलीकडे करावे गावातली घरं, चिखलात उभ्या दोन-तीन होड्या. त्याने तिकडे एकदाही पाहिलं नाही. त्याची नजर फायबरवर. पाणी बोटभर चढे, पुन्हा उतरे. माझे पाय मुंग्यांनी भरले, डोकं उन्हाने. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो अगदी साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं बोलला.

"ही भरती येनार नाय गो."

उतरून तो सरळ साहेबांसमोर गेला. "बंद कर तुजी मगर."

राइड पावसाळ्याआधी उतरवली. पाट कापून काढला, खांब भंगारात गेले. साहेबांनी वाया काही घालवलं नाही. रांगेची शेड झाली वडापावचा स्टॉल. पंपघर तसंच ठेवलं. मगरींच्या पोटात माती भरून झेंडू लावला आणि त्या फाटकापाशी मांडल्या. नाखवा येताजाता नावं घेऊन त्यांना पाणी घालायचा, पण टाकीकडे फिरकायचा नाही. टाकी रुंद होत गेली, एका टोकाला उतरती झाली, दुसऱ्या टोकाला लाटा काढायचं यंत्र बसलं. त्याची खोली माझ्या खोक्याला लागूनच, मध्ये फक्त सरकती काच. तिच्यात एक हिरवं बटण, एक लाल. हिरवं दाबलं की भोंगा वाजून लाटा, लाल दाबलं की बंद.

साहेबांनी मोठ्या मनाने ते काम नाखव्याला देऊ केलं. "सगळ्यात मोठं पाणी आता तुमच्या हातात."

नाखवा ते बटण बघत राहिला, विंचू बघावा तसा.

"साहेब, आमी नारल कनाला देताव, म्हाईत हाय? दर्यानं गप ऱ्हावं म्हनून. माजा बाप, त्याचा बाप, सगलं हात जोरून बोललं, गप ऱ्हा. आन तू मना बटन देतंस, पोराबालांवर खवलवाया?"

"अहो, खोट्या लाटा आहेत त्या!"

"पोरां खरी हायत ना?"

"मग दुसरं काम नाही हो माझ्याकडे. राइड गेली म्हणजे तुमची जागाही गेली. मी वर काय सांगू?"

"मंग जातंय मी घरी."

आणि तो गेला. पार्काची टोपी टेबलावर ठेवून. झेंडूंना दुसरंच कोणीतरी पाणी घालायला लागलं.

हिराबाई मला एकदा रस्त्यात मासळीची पाटी घेऊन भेटली. म्हणाली, "घरान बसत नाय, भायेर जात नाय. दिसभर नुसता दाराच्या वटीवर इकरशी तिकरं. मीच गरगरतंय त्याला बघून. कवा हाय तुमचा तलाव चालू? मना बघाचा हाय, कनाला एवरा घाबरला तो."

मी तिला दोन पास पाठवून दिले. त्यानंतर महिन्याभरात आम्ही बिऱ्हाड हलवलं आणि मी ती नोकरी सोडली. म्हणून नाखव्याला मी नीट पाहिलं ते शेवटचं, तलावाच्या पहिल्या दिवशी.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीचा रविवार. तलावात पाय ठेवायला जागा नाही. बटणाशी खारघरचा एक नवा तंत्रज्ञ बसलेला. नाखवा तलावाकडे पाठ करून वडापावच्या स्टॉलपाशी उभा होता, न खाता. हिराबाई मात्र थेट काठावर. सुरक्षारक्षकाने तिला अडवलं, नायलॉनचा पोशाख सक्तीचा, लुगडं चालणार नाही. ती म्हणाली, "बाजू हो रं. करावेची बाय मी. पान्यान जायाला मना तुजी चड्डी कनाला?" तो बाजूला झाला. तिने कासोटा आवळला आणि गर्दीतून वाट काढत सरळ पार, जिथून लाट निघते तिथवर चालत गेली. छातीभर पाण्यात.

मी माईकवर पहिल्या लाटेची घोषणा केली. 'हिराबाई' असा कुणीतरी पुकारा केला आणि नाखवा वळला. त्याला ते हिरवं लुगडं दिसलं. मग मी फक्त एवढंच पाहिलं की तंत्रज्ञाचा हात बटणाकडे जातोय आणि त्याच्या खांद्यावर एक काळाभोर पंजा पडलाय.

"सरक. माजी बायको हाय तिकरं. तू नाय सोराचा."

तंत्रज्ञ सरकला. काच सरकली आणि माझा माईकही माझ्या हातातून गेला. सबंध पार्कात नाखव्याचा आवाज घुमला, "हिरा! मागं हो! कठऱ्याला धर!"

हिराबाईने पाण्यातून वर बघितलं. तिला माईकची गरजच नव्हती. "नाखवा, भ्यालास काय रं? सोर!"

लोकांना तेवढंच हवं होतं. सगळा तलाव ओरडायला लागला, "सोर! सोर!" डोंबिवलीचे, चेंबूरचे, सगळे आगरीत. प्रधानसाहेब धावत आले आणि दारातच उभे राहिले.

नाखव्याने माईक खाली ठेवला. डावा पंजा लाल बटणावर. उजवं बोट हिरव्याच्या वर, हवेत. तो तिच्याकडे बघत थांबला. एक पोरगं तिच्या अंगावर घसरलं, तिने ते बाजूला लावलं, पाय रोवले, अंग तिरकं केलं. तेव्हा बोट खाली आलं.

लाट उठली आणि हिराबाईच्या अंगावरून गेली. क्षणभर लुगडं दिसेना. लाल बटणावरच्या पंजाच्या शिरा तट्ट फुगल्या. मग ती वर आली, अंबाडा सुटलेला, वेणी पाण्यावर तरंगत चाललेली, आणि इतकी हसत होती की तिला धड उभं राहता येईना. तिने हात वर केला आणि बोटांनी खूण केली, अजून.

नाखव्याने कपाळ पुसलं. तिच्यावरची नजर न काढता मला विचारलं,

"माईकबाय, दुसरी कवा सोराची?"